टाके भरले, दुखणे राहिले

आमच्या मोहल्ल्याच्या मशिदीत शेवटच्या सफीत भिंतीला लागून चार प्लास्टिकच्या खुर्च्या ठेवलेल्या असतात. गुडघे गेलेले बुजुर्ग त्यांवर बसून नमाज अदा करतात. तीन वर्षांपूर्वी एका जुम्याला त्यांतल्या एका खुर्चीवर आमचे थोरले बंधू बसलेले दिसले. वय ४७. नमाजनंतर बाहेर चपला घालताना एका ओळखीच्याने हसत विचारले, “काय भाईजान, एवढ्यात म्हातारे झालात?” भाईजान काही बोलले नाहीत. कमरेत किंचित वाकून, उजवा हात जांघेपाशी धरून ते हळूहळू घराकडे चालू लागले.

घरी आल्यावर आम्ही त्यांना म्हणालो, “ऑपरेशन होऊन सहा महिने झाले. टाके भरले, सोनोग्राफी चांगली आहे, डॉक्टर सगळे ठीक म्हणतात. मनातली भीती काढा आता. असे बसून राहिलात तर घर कसे चालेल?”

हे आम्ही बोललो, आणि आम्ही चुकलो होतो. भाईजानचे दुखणे मनातले नव्हते. ते एका नेमक्या जागी होते. त्या जागेला नाव होते आणि त्यावर इलाजही होता. तो सापडायला मात्र पावणेदोन वर्षे गेली, आणि त्यातला बराच काळ आम्हा घरच्यांच्या अविश्वासात गेला. असे दुखणे घेऊन आणखी कितीतरी घरांत कोणी गप्प बसलेले असेल. त्यांच्यासाठी हा लेख.

हर्निया म्हणजे काय?

भाईजान वयाच्या १७व्या वर्षापासून इचलकरंजीत यंत्रमागावर आहेत. सुताने भरलेला बीम दोघातिघांनी उचलून मागावर चढवायचा, हे काम त्यांनी आयुष्यभर केले. एके दिवशी अंघोळ करताना उजव्या जांघेत लिंबाएवढी गाठ लागली. झोपले की आत जाई, खोकले की बाहेर येई. यालाच हर्निया म्हणतात. मराठीत त्याला अंतर्गळ असा जुना शब्द आहे.

पोटाच्या भिंतीत जांघेजवळ एक कमकुवत जागा असते. पुरुषांत वृषणाकडे जाणाऱ्या नळ्या आणि रक्तवाहिन्या तिथूनच खाली उतरतात. ती जागा सैल झाली की आतली चरबी किंवा आतड्याचा वेढा तिथून बाहेर डोकावतो. ओझी उचलणे, जुनाट खोकला, शौचाला कुंथणे यांनी त्यात भर पडते. स्त्रियांनाही हर्निया होतो, पण पुरुषांत त्याचे प्रमाण कितीतरी जास्त आहे.

औषधाने किंवा तेल चोळून हे भोक बुजत नाही. ते शस्त्रक्रियेनेच बंद करावे लागते. इटलीतील एदोआर्दो बासिनी या शल्यविशारदाने १८८०च्या दशकात स्नायूंचे थर टाक्यांनी एकमेकांना जोडून ही दुरुस्ती करण्याची पद्धत रूढ केली. तीत टाक्यांवर ताण येई. पुढे १९८०च्या दशकात अमेरिकेत लॉस एंजेलिस येथे डॉ. अर्व्हिंग लिक्टेनस्टाइन यांनी ताण न देता भोकावर प्लास्टिकच्या धाग्याची जाळी बसवण्याची पद्धत प्रचलित केली. आपल्याकडे लोक “जाळी टाकली” म्हणतात, ती हीच. या जाळीमुळे हर्निया पुन्हा होण्याचे प्रमाण खूप कमी झाले. जगात दरवर्षी जांघेच्या हर्नियाच्या दोन कोटींहून अधिक शस्त्रक्रिया होतात आणि बहुतेक रुग्ण काही आठवड्यांत कामाला लागतात. तेव्हा हा लेख वाचून कोणी हर्नियाचे ऑपरेशन टाळू नये. गाठ कडक होऊन आत जात नसेल, खूप दुखत असेल, उलट्या होत असतील, तर आतडे अडकलेले असू शकते. अशा वेळी एक तासही घरी थांबू नये.

भाईजानचेही जाळीचे ऑपरेशन झाले. दुसऱ्या दिवशी घरी आले. पहिले दोन आठवडे दुखणारच, असे सगळ्यांनी सांगितले होते. पण दोन महिने झाले तरी दुखणे थांबेना. उलट त्याचा रंगच बदलला.

कोणाला सांगायचे?

आधी जखम ठणकत होती. आता जांघेत आग होऊ लागली. मध्येच विजेचा झटका बसावा तशी कळ मांडीच्या आतल्या बाजूला आणि खाली अंडकोशाच्या मुळापर्यंत जाई. पायजम्याचा नाडा टेकला तरी सहन होईना, म्हणून घरात ते लुंगी सैल गुंडाळून वावरत. पाठीवर पडून राहिले तर बरे वाटे. वाकले, बसले, मोटारसायकलवर पाय टाकला की कळ. रुकूत जाताना दात आवळत. सजद्यात तर जाताच येईना.

ज्यांनी ऑपरेशन केले होते त्यांच्याकडे तीनदा गेलो. त्यांनी तपासले, सोनोग्राफी करवली. जाळी जागेवर होती, हर्निया परत आला नव्हता, पू नव्हता. “काही नाही, होईल कमी,” एवढे सांगून दर वेळी दुखण्याच्या गोळ्या मिळाल्या. त्या गोळ्यांनी पित्त वाढले, दुखणे हलले नाही. मग शेक झाला, हकीमसाहेबांचे तेल झाले, कमरेचा पट्टा झाला. पट्टा दाबून बसला की दुखणे दुप्पट होई.

अवघड गोष्ट अशी की हे दुखणे ज्या जागी होते, त्या जागेविषयी आपल्या घरांत कोणी बोलत नाही. अम्मीला सांगता येत नाही. मुले मोठी झालेली. भाभीला ठाऊक होते की दोघांच्या एकांतातही आता दुखण्याची भीती शिरली आहे. पण ती हे कोणाला सांगणार? आम्ही सख्खे भाऊ, आम्हालाही ते कळले नव्हते. बाहेरच्यांना दिसे ते एवढेच, की धडधाकट माणूस कामावर जात नाही. कोणी आळशी म्हणाले, कोणी नजर लागली म्हणाले. आम्ही “मनातली भीती” म्हणालो. शिकलेल्या माणसाचा टोमणा जरा सभ्य असतो, इतकाच काय तो फरक.

दुखण्याचा नकाशा

नवव्या महिन्यात आमच्या शाळेतील एका सहकारी बाईंनी सांगितले, की मोठ्या सरकारी रुग्णालयात दुखण्याचा वेगळा विभाग असतो. तिथे भूलतज्ज्ञ डॉक्टर जुनाट दुखण्यावर उपचार करतात. आम्ही भाईजानना घेऊन एस.टी.ने तिथे गेलो.

डॉक्टर तरुण होत्या. त्यांनी फाइल बाजूला ठेवली आणि विचारले, “चाचा, दुखते कसे ते आधी सांगा. ठणकते, टोचते, की जळते?” नऊ महिन्यांत हा प्रश्न कोणी विचारला नव्हता. भाईजान आमच्याकडे बघून अडखळले. डॉक्टरांच्या ते लक्षात आले. त्यांनी आम्हाला पडद्याबाहेर बसायला सांगितले आणि एका पुरुष डॉक्टरांना बोलावून घेतले. मग आतून भाईजानचा आवाज बराच वेळ येत राहिला.

आत काय झाले ते त्यांनी नंतर सांगितले. आधी कापसाचा बोळा त्वचेवरून हलका फिरवला. एका पट्ट्यात तो कापूसही काट्यासारखा बोचला. मग टाचणीने हलके टोचून पाहिले. त्याच पट्ट्याच्या मधोमध थोडी जागा बधिर होती. डॉक्टरांनी पेनने त्वचेवर रेघ काढली. जिथे जळते ती हद्द, जिथे बधिर आहे ती हद्द, आणि बोटाने टकटक केल्यावर जिथून कळ निघते तिथे फुली. भूगोलाच्या तासाला आम्ही नकाशा भरून घेतो, तसा दुखण्याचा नकाशा तयार झाला.

डॉक्टरांनी आम्हाला आत बोलावून समजावले ते असे. आपण बोलताना रक्तवाहिनीलाही नस म्हणतो आणि मज्जातंतूलाही नसच म्हणतो. इथे गोष्ट मज्जातंतूची आहे, म्हणजे त्वचेची जाणीव मेंदूपर्यंत नेणाऱ्या तारेची. जांघेतून अशा तीन बारीक नसा जातात. त्यांची नावे इलिओइंग्वायनल, इलिओहायपोगॅस्ट्रिक आणि जेनिटोफेमोरल नसेची जननेंद्रियाकडे जाणारी शाखा. हर्नियाची दुरुस्ती नेमकी यांच्या शेजारीच करावी लागते. कधी नस टाक्यात सापडते, कधी ताणली वा कापली जाते, कधी जखम भरताना जाळीला आणि व्रणाला चिकटते. कापलेल्या टोकाशी कधी तंतूंची गाठ वाढते. मग तार स्वतःच बिघडते आणि जखम नसतानाही मेंदूला “जळते आहे, जळते आहे” असे कळवत राहते. सोनोग्राफीत जाळी दिसते, हर्निया परतला की नाही ते दिसते. नसेची ही तक्रार बहुधा दिसत नाही. त्यामुळे अहवाल “नॉर्मल” येतो आणि माणूस खोटा ठरतो.

हे क्वचित घडणारे नाही. हर्नियाविषयीची आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वे २०१८ साली प्रसिद्ध झाली. त्यांनुसार ऑपरेशननंतर तीन महिन्यांहून जास्त टिकणारे, त्रासदायक म्हणावे असे दुखणे १०० पैकी सुमारे १० ते १२ जणांना होते. रोजचे काम अडवणारे तीव्र दुखणे दोनशेत एकापासून शंभरात सहा जणांपर्यंत आढळते. तरुण वय, स्त्री असणे, ऑपरेशनआधीच खूप दुखत असणे, ऑपरेशननंतरच्या पहिल्या दिवसांत फार दुखणे, पुन्हा झालेल्या हर्नियाचे ऑपरेशन, या गोष्टींनी शक्यता वाढते. दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेत ती उघड्या शस्त्रक्रियेपेक्षा कमी असते.

एक सजदा

नस काढण्याची गोष्ट पहिल्या दिवशी निघालीच नाही. आधी औषधे. साध्या दुखण्याच्या गोळ्या नसेच्या दुखण्यावर फारशा चालत नाहीत, म्हणून वेगळी औषधे दिली. दिवसा गॅबापेन्टिन, रात्री थोड्या मात्रेत अमिट्रिप्टिलीन. पहिले फिट्सवर आणि दुसरे नैराश्यावर देतात, हे वाचून घरात गडबड उडाली. “म्हणजे वेडाचीच गोळी ना?” असे अम्मी म्हणाल्या. वेडाची नव्हे. हीच औषधे बिघडलेल्या नसेचा गोंगाटही कमी करतात, म्हणून दिली जातात. ती हळूहळू वाढवायची असतात आणि एकदम बंद करायची नसतात. रमजान जवळ आला तेव्हा डॉक्टरांना विचारूनच वेळा बदलून घेतल्या.

औषधाने झोप लागू लागली, आग थोडी उतरली, पण दिवसा गुंगी येई. चालत्या मागाजवळ गुंगीतला माणूस उभा करणे धोक्याचे. त्यामुळे काम बंदच राहिले.

मग एक वर्ष होत आले तेव्हा डॉक्टरांनी नसेजवळ इंजेक्शन द्यायचे ठरवले. सोनोग्राफीच्या पडद्यावर बघत, कमरेच्या हाडाजवळ, पहिल्या दोन नसांच्या शेजारी बधिर करणारे औषध सोडायचे. त्याचा एक हेतू आराम देणे आणि दुसरा पारख करणे. आराम पडला तर गुन्हेगार याच नसा. पडला नाही तर दुसरीकडे शोधायचे.

इंजेक्शननंतर भाईजानना अर्धा तास बाकावर बसवले. डॉक्टरांनी विचारले, “चाचा, दहापैकी किती?” सकाळी ते आठ म्हणाले होते. आता त्यांनी जांघेवर हात ठेवून पाहिले, उभे राहिले, वाकून पाहिले आणि म्हणाले, “दोन.”

जोहरची वेळ झाली होती. रुग्णालयाच्या मागच्या व्हरांड्यात एक रिकामा कोपरा होता. भाईजाननी खांद्यावरचा रुमाल अंथरला. रुकू केला. मग गुडघे टेकले आणि कपाळ जमिनीला लावले. वर्षभरात पहिल्यांदा. तो सजदा फार लांबला. आम्ही बाजूला त्यांच्या चपला आणि फाइल घेऊन उभे होतो. जुम्याच्या दिवशी आपण यांना काय बोललो होतो, ते आम्हाला आठवले. सुईभर औषधाने जे दुखणे उतरते, ते मनातले कसे असेल?

परतीच्या एस.टी.त, तीन तासांनी, आग पुन्हा सुरू झाली. भाईजान खिडकीबाहेर बघत म्हणाले, “आले परत.” थोड्या वेळाने म्हणाले, “पण आता कळले तरी, ते राहते कुठे.”

आम्ही तिथेच त्यांची माफी मागितली. ते म्हणाले, “तू मास्तर आहेस. पोरगा पोट दुखते म्हणाला तर आधी पुरावा मागतोस काय रे?” खरे सांगायचे तर आम्ही मागत होतो. आता मागत नाही.

नस काढायची म्हणजे काय?

पुढच्या काही महिन्यांत अशी आणखी तीन इंजेक्शने झाली, काही वेळा स्टेरॉइडसह. आराम कधी पंधरा दिवस टिके, कधी चार दिवस. शेवटी डॉक्टरांनी आम्हाला याच रुग्णालयातील शल्यविशारदांकडे पाठवले. त्यांनी पुन्हा सगळे तपासले, कारण जांघ दुखण्याची कारणे अनेक असतात. हर्निया परत आला असेल, जाळी गोळा होऊन गठ्ठा बनली असेल, कंबर किंवा खुब्याचा सांधा दुखत असेल, तर नस काढून काय उपयोग? ज्याचे दुखणे नसेचे आहे, नकाशात बसणारे आहे आणि इंजेक्शनने तात्पुरते जाते, त्यालाच या शस्त्रक्रियेचा लाभ होतो. तेही सहा महिने ते वर्षभर इतर उपाय करून झाल्यावर.

तिन्ही नसा एकाच शस्त्रक्रियेत काढण्याची पद्धत लॉस एंजेलिसच्याच डॉ. परविझ अमीद यांनी १९९०च्या दशकात पुढे आणली. आम्ही विचारले, “चिकटलेली नस नुसती मोकळी करता येत नाही का?” उत्तर मिळाले, की मोकळी केली तरी व्रणात ती पुन्हा चिकटते. म्हणून बिघडलेला तुकडाच काढतात. “मग तिन्ही का?” कारण या नसा एकमेकींत मिसळलेल्या असतात आणि एकीचा इलाका दुसरीच्या इलाक्यावर चढलेला असतो. एक ठेवली तर दुखणे त्या वाटेने जाऊ शकते. यावर सगळ्यांचे एकमत नाही. काही शल्यविशारद तपासणीत दोषी ठरलेलीच नस काढतात. भाईजानच्या बाबतीत दोन नसा बधिर करूनही दहापैकी दोन दुखणे उरले होते, म्हणून तिसरीचाही संशय होता.

भाईजानच्या मनातली खरी भीती वेगळी होती. ती विचारायला त्यांची जीभ रेटेना. तेव्हा आम्हीच विचारले, “नस काढल्यावर पाय लुळा पडेल का? आणि... दांपत्यजीवनावर काही परिणाम?” शल्यविशारदांनी खुर्ची पुढे ओढली आणि सावकाश सांगितले. पाय चालवणाऱ्या नसा वेगळ्या आणि जाड असतात, त्यांना हात लावला जात नाही. या तिघींचे मुख्य काम त्वचेची जाणीव नेण्याचे आहे. पौरुष आणि मुख्य संवेदना सांभाळणारी नसही वेगळी आहे, ती या वाटेने येतच नाही. पण काही गोष्टी कायमच्या बदलतील. जांघेचा पट्टा, मांडीच्या आतला वरचा भाग आणि अंडकोशाच्या एका बाजूची त्वचा बधिर होईल. वृषण वर ओढून घेणारा स्नायू काम करणार नाही, त्यामुळे ती बाजू थोडी खाली लोंबेल. खुद्द वृषणाच्या आत दुखत असेल तर ते या शस्त्रक्रियेने बहुधा जात नाही, त्याच्या नसा निराळ्या. आणि काही जणांत, थोडक्या का होईना, नस काढल्यावरही दुखणे राहते किंवा बधिर जागेतच नवे दुखणे उमटते. काढलेली नस परत बसवता येत नाही.

“मग हमी किती?” भाईजाननी विचारले. डॉक्टर म्हणाले, “हमी नाही, अंदाज देतो.” २०१८ साली प्रसिद्ध झालेला एक डच अभ्यास त्यांनी सांगितला. हर्नियानंतर नसेचे दुखणे असलेल्या ५४ रुग्णांची चिठ्ठ्या टाकाव्यात तशी दोन गटांत वाटणी केली होती. सहा महिन्यांनी पाहिले तर इंजेक्शन दिलेल्यांपैकी २२ टक्के रुग्णांचे दुखणे निम्म्याहून अधिक उतरले होते, नस काढलेल्यांपैकी ७१ टक्के रुग्णांचे. “म्हणजे दहातल्या सात जणांना मोठा फरक पडतो. तीन जणांना पडत नाही. तुम्ही त्या तिघांत असू शकता, हे धरून निर्णय घ्या.”

भाईजाननी विचार करायला आठवडा मागितला. त्यांनी भाभीला सगळे सांगितले, बधिर होणाऱ्या जागेसकट. दोघांनी मिळून होकार दिला. आम्हाला यात फार मोठी गोष्ट वाटते. अशा निर्णयात बायकोला वगळून फक्त पुरुषांनी बसून ठरवायचे, ही आपल्याकडची सवय बरी नाही. शरीर एकाचे असले तरी संसार दोघांचा असतो.

त्यानंतर

जुन्या टाक्याच्या जागीच पुन्हा उघडले. व्रणात गुंतलेल्या नसा शोधणे हेच मोठे काम असते. तिन्हींचे तुकडे काढून, उरलेली टोके बांधून स्नायूत पुरून ठेवली, म्हणजे ती पुन्हा व्रणाला चिकटू नयेत. काढलेले तुकडे तपासणीला पाठवले आणि ते मज्जातंतूच असल्याची खात्री झाली. काही रुग्णांत हीच शस्त्रक्रिया दुर्बिणीने पाठीच्या बाजूने, नसा उगम पावतात त्या भागाजवळ करतात. तिथे व्रण नसतो, पण खालच्या पोटाचा स्नायू ढिला पडून फुगवटा दिसू शकतो.

शुद्धीवर आल्यावर भाईजान म्हणाले, “टाके दुखतात.” मग थोडे थांबून, “पण आग नाही.” भाभी तोंडावर पदर धरून बाहेर गेल्या.

या गोष्टीला आता जवळजवळ दोन वर्षे झाली. सगळे आधीसारखे झाले, असे लिहिले तर ते खोटे ठरेल. जांघेत तळहाताएवढी जागा बधिर आहे. तिथे मुंगी चावली तरी कळत नाही, म्हणून गरम पाण्याची पिशवी तिथे ठेवायची नाही असे बजावलेले आहे. पाऊस-थंडीत आत ओढल्यासारखे होते. दहापैकी एक, कधी दोन. औषधे हळूहळू बंद झाली. बीम उचलणे कायमचे सुटले. आता ते त्याच कारखान्यात कापड तपासून घड्या घालायचे काम करतात. पगार कमी आहे. पण ते घराबाहेर पडतात, मोटारसायकल चालवतात आणि सफीत उभे राहतात. तरावीहमध्ये आठ रकअती झाल्या की मागे जाऊन खुर्ची घेतात. आता कोणी हसले तर त्यांना काही वाटत नाही.

वाचक बंधू-भगिनींनो,

भाईजानमुळे जे शिकलो ते थोडक्यात सांगतो. हर्नियाचे ऑपरेशन ठरले असेल तर आधीच विचारा: उघडे करणार की दुर्बिणीने? नसा ओळखून जपण्याविषयी आपली पद्धत काय? आधीपासून खूप दुखत असेल तर ते लपवू नका, डॉक्टरांना सांगा. ऑपरेशननंतर ताप, लाली, पू, नवी गाठ दिसली तर लगेच दाखवा. आणि तीन महिन्यांनंतरही आग, झटका, कापडाचा स्पर्श न सोसणे असे काही असेल, तर “टाके दुखतात” एवढ्यावर थांबू नका. दुखणे कसे आहे, कुठून कुठे जाते, कशाने वाढते, हे वहीत लिहून न्या. दुखण्यावर उपचार करणारा विभाग जवळच्या मोठ्या रुग्णालयात आहे का, याची चौकशी करा. नस काढणे ही शेवटची पायरी आहे. ती चढायची वेळ आलीच, तर अशा शस्त्रक्रियेचा अनुभव असलेल्या शल्यविशारदाकडेच जा आणि काय जाईल, काय उरेल ते आधी विचारून घ्या.

बहिणींसाठी एक गोष्ट. सिझेरियनचा आडवा छेद जिथे संपतो, तिथूनही यांतल्या दोन नसा जवळून जातात. मूल होऊन वर्ष झाले तरी टाक्याच्या एका टोकाशी जळते, टोचते, असे कोणी म्हणत असेल, तर “बाळंतपणानंतर होतेच” म्हणून तिला गप्प करू नका. तिचे दुखणेही याच प्रकारचे असू शकते आणि तिलाही हेच उपचार मिळू शकतात.

आणि घरच्यांसाठी. अहवाल नॉर्मल आला तरी माणूस खोटा ठरत नाही. ज्याला दुखते त्याला आधी बसायला जागा द्या, मग प्रश्न विचारा. आम्ही हे उलट केले होते. अल्लाहने भाईजानना बरेच बरे केले, आणि भाईजाननी आम्हाला माफ केले. ज्या घरात आज असे कोणी एकटे सोसत असेल, त्याला अल्लाह शिफा देवो, आणि त्याच्या माणसांना त्याचे ऐकून घेण्याची बुद्धी देवो. आमीन.